मानेचं माप

कुताइसीत, रिओनी नदीच्या वरच्या अंगाला
माझं शिलाईचं दुकान आहे. पुरुषांचे शर्ट, फक्त शर्ट.
मापांच्या वहीत पहिलंच पान
वार्लामचं, माझ्या नवऱ्याचं.

लग्नाच्या वर्षी कॉलर अडतीस.
थोरली झाली तेव्हा चाळीस.
ट्रकचा कारखाना बंद पडला, तो घरी बसला:
त्रेचाळीस.
मग लोकांनी त्याला तमादा केलं,
मेजवानीत प्याला उचलून पहिलं बोलणारा.
त्याच्या शब्दाशिवाय कुणी घोट घ्यायचा नाही.
गावात त्याचा मान वाढत गेला
आणि माझ्या वहीत त्याची मान.
शेहेचाळीसला मी पेन्सिल खाली ठेवली.

मेजवानीहून आला की उताणा पडायचा,
बूट सुद्धा मीच काढायचे.
घोरण्याची टीप सरळ चाललेली असायची,
जाड कापडावर चालते तशी, दणदणीत,
आणि मधेच दोरा तुटायचा.

काही नाही. छाती हलतेय, पण वारा नाही.
मी अंधारात शर्टाची बटणं मोजायचे,
गळ्यापासून खाली सात,
खालून वर सात,
पुन्हा खाली.
तेविसाव्या बटणाला तो पाण्यातून वर आल्यासारखा
हुंदडून श्वास ओढायचा
आणि माझा जीव भांड्यात पडायचा.
दर दीड मिनिटाला पडणारा जीव.
भांडं तरी किती टिकणार?

दवाखान्यात त्सिसाना डॉक्टरीणबाईंनी
त्याच्या मानेला फीत लावली.
त्या वाचायच्या आत मी म्हटलं, शेहेचाळीस.
त्यांनी फितीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

वडील कसे गेले?
एर्मिले, माझा सासरा, अठ्ठावन्नचा,
झोपेतच गेला. पुण्यवान म्हणाले सगळे,
मीही म्हटलं होतं, खांद्यावर शाल घेऊन.
बाई काही बोलल्या नाहीत, लिहीत राहिल्या.
मग दोन बोटांनी त्याची दाढी बाजूला केली:
हनुवटी फार मागे आहे.
चौतीस वर्षं मी त्या दाढीला कात्री लावली,
हनुवटी आज पाहिली.

चाचा किती? ती कडक द्राक्षाची दारू
त्याने निम्मीच सांगितली. मी पुरी केली.
झोप लागावी म्हणून शेजारणीने दिलेल्या गोळ्याही
मीच पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या.
तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं
ते अजून विसरले नाही.

रात्रभर वायरी लावून निजवला.
सकाळी कागद आला: तासाला बावन्न.
म्हणजे मी बटणं नीट मोजली नव्हती.
मधे मलाही डुलकी लागत होती.

आता तो मुखवटा लावून निजतो,
नळी उशाशी, यंत्र मांजरासारखं गुरगुरतं.
कुशीवर वळावं म्हणून त्याच्या बनियनच्या पाठीला
मी खिसा शिवला, त्यात एक टेनिसचा चेंडू.
माझ्या हातचं सगळ्यात कुरूप काम.
मेजवानीत आता दुसराही कुणी बोलतो.

आणि परवा, चीज कापता कापता,
मान वर न करता तो म्हणाला,
नाझीब्रोला, तू रात्री थांबतेस.

मी हसले.
बटणं नव्हती माझ्याकडे, म्हणाला, बोटं मोजली.
दोन्ही हात संपले. मग पाय.

मी? बारीक अंगाची, थेंब न घेणारी?
फोनवर बाई म्हणाल्या, पाळी जाऊन किती वर्षं झाली?
त्यानंतर बायकांचंही वाढतं. घेऊन या त्यांना.
घेऊन या, असं त्याला म्हणाल्या.
इतकी वर्षं त्याच्या घोरण्याखाली
माझं थांबणं कुणाला ऐकू जाणार होतं?

वहीत एकाही बाईची मान नाही.
मी दुकानाची फीत गळ्यातून काढून त्याला दिली.
त्याने ती उलटी धरली, इंचांच्या बाजूने,
आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला,
कारखान्यात पहिल्या दिवशी राहिला असेल तसा.

ओढू नकोस, मी म्हटलं.
दोन बोटं सुटी राहू देत.